निधनवार्तेतला बँक मॅनेजर

मराठी वर्तमानपत्रांतल्या निधनवार्तेचा साचा ठरलेला आहे. नाव, वय, 'अल्पशा आजाराने' किंवा 'वृद्धापकाळाने', मग 'ते अमुक बँकेतून वरिष्ठ व्यवस्थापक म्हणून सेवानिवृत्त झाले होते', आणि शेवटी 'त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून, विवाहित मुलगी, जावई, नातवंडे असा परिवार आहे'. शोकसभा झालीच तर दोन विशेषणांची भर पडते: मनमिळाऊ आणि कुटुंबवत्सल. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकेत लागलेली पिढी आता पंच्याहत्तरीच्या आगेमागे आहे, त्यामुळे अशा वार्ता वरचेवर वाचायला मिळतात. त्यांत खोटे काही नसते. पण सदतीस-अडतीस वर्षे ज्या कामात गेली त्या कामाबद्दल त्यांतून काहीच कळत नाही, आणि घरच्यांना विचारले तरी बहुधा 'फार प्रामाणिक होते, बदल्या फार झाल्या' यापलीकडे उत्तर मिळत नाही. माझे म्हणणे असे की हा तोकडेपणा बातमीदाराच्या आळसाचा किंवा घरच्यांच्या उदासीनतेचा नव्हे. बँकेचा व्यवसायच असा आहे की तो आपल्या माणसांची चांगली कामे पुसून टाकतो आणि फसलेली कामे जपून ठेवतो. म्हणून निवृत्त बँक अधिकाऱ्याचे आयुष्य आपसूक आठवत नाही; ते विचारून, जुळवून घ्यावे लागते. आणि जुळवायला बसले की दिसते ते असे की, वार्तेतली बँकेची ओळ आणि परिवाराची ओळ या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत. पहिलीचा बराचसा खर्च दुसरीने सोसलेला आहे.

ही पिढी कोणत्या कामाला लागली ते आधी पाहू. १९ जुलै १९६९ रोजी सरकारने १४ मोठ्या खासगी बँका ताब्यात घेतल्या. बँक ऑफ महाराष्ट्र, बँक ऑफ इंडिया, सेंट्रल बँक, देना बँक ही आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेली नावे त्यांतलीच. १९८० मध्ये आणखी सहा बँका आल्या. १९६९ च्या मध्याला देशातल्या सगळ्या व्यापारी बँकांच्या मिळून सव्वाआठ हजारांच्या आसपास शाखा होत्या आणि त्यांतल्या खेड्यांतल्या जेमतेम १,८००. १९९१ पर्यंत एकूण शाखा ६०,००० च्या वर गेल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक, सुमारे ३५,०००, ग्रामीण भागात होत्या. डिसेंबर १९६९ मध्ये लीड बँक योजना आली. प्रत्येक जिल्ह्याची जबाबदारी एका बँकेकडे देण्याच्या या योजनेमागे ज्या अभ्यासगटाचा विचार होता त्याचे अध्यक्ष होते पुण्याचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. पुढे १९७७ ते १९९० या काळात रिझर्व्ह बँकेने नियमच केला की, बँक असलेल्या ठिकाणी एक नवी शाखा हवी असेल तर बँक नसलेल्या चार ठिकाणी आधी उघडा. तक्त्यात शाखा 'उघडली' असे लिहून भागते. प्रत्यक्षात कुणीतरी वळकटी घेऊन एसटीने त्या गावी उतरतो, ग्रामपंचायतीजवळची एखादी माडी भाड्याने घेतो, तिजोरी भिंतीत बसवून घेतो आणि दुसऱ्या दिवसापासून शेकडो अनोळखी माणसांपैकी कोणावर विश्वास टाकायचा हे ठरवू लागतो. पस्तीस हजार शाखा म्हणजे अशा माणसांची एक मोठी फौज. तिच्यातले बरेचसे कारकून म्हणून लागलेले, नोकरी सांभाळून बँकिंगच्या सीएआयआयबी परीक्षा दिलेले मध्यमवर्गीय तरुण होते. बढती हवी तर खेड्यातली शाखा घ्यावी लागे, हे त्यांतल्या प्रत्येकाला माहीत होते.

त्या शाखेतले काम बाहेरच्याला कंटाळवाणे वाटते, आणि त्यातला मोठा भाग तसा होताही: व्हाउचर पास करणे, लेजर जुळवणे, झोनल ऑफिसला विवरणपत्रे पाठवणे. पण मधला एक भाग अजिबात यांत्रिक नव्हता. पीककर्ज मागायला आलेला शेतकरी सातबारा, आठ-अ आणि सोसायटीचा बेबाकी दाखला घेऊन येई. त्यावरून जमीन किती, बोजा किती, थकबाकी आहे की नाही हे कळे. विहिरीला पाणी लागेल का, भावकीत तंटा आहे का, पैसे मोटारीसाठी मागतोय की मुलीच्या लग्नासाठी, हे कागदावर नसे. ते शिवारात जाऊन, चार माणसांशी बोलून, अंदाजाने ठरवावे लागे. १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम सगळ्या तालुक्यांत आला तेव्हा दुभत्या म्हशींच्या कर्जाची हजारो प्रकरणे शाखांवर येऊन पडली. त्यातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. विमा उतरवलेल्या म्हशीच्या कानात विमा कंपनीचा क्रमांक असलेला बिल्ला टोचलेला असे आणि म्हैस मेली तर भरपाईसाठी तो बिल्ला सादर करावा लागे. त्यामुळे मॅनेजर किंवा फील्ड ऑफिसर तपासणीला गेला की आधी गोठ्यात शिरून म्हशीचा कान धरायचा, शेण-चिखल पुसून क्रमांक वाचायचा आणि हातातल्या यादीशी ताडून पाहायचा. यादीतली म्हैस गोठ्यात आहे का, की एकाच म्हशीवर तीन घरांनी अनुदान उचलले आहे, हे त्या इंचभर बिल्ल्यावर ठरे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन पुण्याहून आलेला माणूस हे करत होता, आणि संध्याकाळी खोलीवर परतून त्याचा अहवाल लिहीत होता. गावातल्या राजकीय वजनदार माणसाने शिफारस केलेले, कागदोपत्री चोख असलेले प्रकरण नाकारायचे की नाही, हाही निर्णय त्याच्याच टेबलावर येई. बँकेच्या भाषेत मंजुरी आणि नकार या दोन्हींना एकच नाव होते: सँक्शनिंग.

आता या कामाचे पुढे काय होते ते बघा. कर्ज फिटले की खाते बंद होते, गहाणाचे कागद परत जातात, सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यातला बोजा कमी होतो. लेजर आणि व्हाउचर किती वर्षे ठेवायची याचा १९८५ चा नियम आहे: काही पाच वर्षे, काही आठ. त्यानंतर ती नष्ट करता येतात, आणि जागेच्या टंचाईमुळे शाखा ती करतातही. म्हणजे १९८३ मध्ये एखाद्या मॅनेजरने हिंमत करून ज्याला उभे केले, ज्याने पै-पै फेडली आणि ज्याचा आज कारखाना आहे, त्या निर्णयाचा कागदोपत्री पुरावा बहुधा शिल्लक नाही. उलट कर्ज बुडाले तर फाइल फुगत जाते. नोटिसा, दावा, हुकूमनामा, वसुलीचे अर्ज, मग 'स्टाफ अकाउंटेबिलिटी' म्हणजे मंजुरी देणाऱ्याची चूक होती का याची चौकशी, क्वचित आरोपपत्र. ही फाइल वर्षानुवर्षे जिवंत राहते. पुढे कधी कुणी संशोधक शाखेच्या दप्तरात या माणसाला शोधू लागला तर तो त्याला फक्त चुकांच्या पानांवर भेटेल. डॉक्टर, शिक्षक, अभियंता यांच्याबाबत असे होत नाही. अभियंत्याचा पूल उभा असतो. शिक्षकाच्या शोकसभेत विद्यार्थी उठून बोलतात, डॉक्टरच्या सभेत रुग्ण बोलतात. बँक मॅनेजरच्या शोकसभेत 'मी कर्ज मागायला गेलो होतो, माझ्याकडे तारण नव्हते' असे सांगायला कोण उठणार? आपल्याकडे कर्ज घेणे ही अजूनही चारचौघांत सांगायची गोष्ट नाही. फेडल्यावर तर ती विसरायचीच गोष्ट. जो सर्वांत चांगला साक्षीदार तोच गप्प बसतो.

घरातही हीच स्थिती, पण कारण वेगळे. सार्वजनिक बँकांच्या कायद्यातच तरतूद आहे की कर्मचाऱ्याने निष्ठा आणि गुप्ततेचे प्रतिज्ञापत्र द्यायचे. ग्राहकाचा व्यवहार बाहेर बोलायचा नाही. हा नियम योग्य आहे, त्याशिवाय बँक चालणार नाही. पण त्याचा परिणाम असा की शाळेतल्या शिक्षकाच्या किंवा पोलिसाच्या घरी रात्री जेवताना जसे दिवसाचे किस्से निघतात, तसे बँकवाल्याच्या घरी निघत नसत. गावातल्या कोणत्या पुढाऱ्याने आज काय दडपण आणले, कुणाचा धनादेश परत गेला, कोण रडत केबिनमध्ये आला, हे बायकोला सांगणेही नियमाला धरून नव्हते. सगळ्यांनी तो काटेकोर पाळला असे नाही, पण पुष्कळांनी पाळला. तेव्हा वडील गेल्यावर मुलांना त्यांच्या कामाचे काही सांगता येत नाही यात नवल कसले? त्यांना जे दिसले तेवढेच ते सांगतात: उशिरा घरी येणे, खिशातली पेन्सिल, हिशेबाची वही, पैशाच्या बाबतीतला काटेकोरपणा. मग विशेषणांनी जागा भरली जाते.

मोठ्या पदांवरच्या लोकांचे तरी वेगळे असेल असे वाटते, पण नाही. स्टेट बँकेचे अध्यक्ष राजकुमार तलवार यांचे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत बोलके वाटते. १९४३ मध्ये ते इंपीरियल बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर म्हणून लागले आणि १९६९ मध्ये स्टेट बँकेच्या अध्यक्षपदी पोचले. आणीबाणीच्या काळात एका अडचणीत आलेल्या सिमेंट कंपनीला सावरण्याची योजना बँकेने आखली, पण अट घातली की सध्याच्या प्रमुखाने पायउतार व्हावे आणि व्यवसाय जाणणारा व्यवस्थापक नेमावा. त्या प्रमुखाचे संजय गांधींकडे वजन होते. अर्थमंत्री सी. सुब्रमण्यम यांच्यामार्फत अट काढण्याचा निरोप आला. तलवारांनी नकार दिला. राजीनामा मागितला गेला. तोही दिला नाही. संजय गांधींना भेटायला बोलावले तर त्यांच्याकडे कोणतेही घटनात्मक पद नाही असे सांगून ते गेले नाहीत. अध्यक्षाला कारणाशिवाय काढता येत नव्हते म्हणून स्टेट बँकेचा कायदाच बदलण्यात आला आणि ऑगस्ट १९७६ मध्ये त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले. पुढे आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने त्यांच्या जागी झालेली नेमणूकही तपासली. तलवार स्वतः पाँडिचेरीला श्रीअरविंद आश्रमाच्या सान्निध्यात गेले आणि २००२ मध्ये वारले. या प्रसंगाचे बारकावे आज लोकांना ठाऊक आहेत ते मुख्यतः एका माणसामुळे. त्यांच्याच बँकेत १९५७ मध्ये लागलेले, पुढे बँक ऑफ इंडिया आणि आयसीआयसीआयचे अध्यक्ष झालेले नारायणन वाघुल यांनी बऱ्याच वर्षांनी ही हकिकत लिहून काढली.

म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेच्या प्रमुखाने सत्तेपुढे दिलेला नकारसुद्धा तपशिलासह आठवणीत राहिला तो दुसऱ्या एका बँकवाल्याने आवर्जून लिहिला म्हणून. वाघुल १८ मे २०२४ रोजी चेन्नईत वारले तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर लिहिले आणि बऱ्यापैकी तपशिलात लिहिले. कारण त्यांनी स्वतः आठवणींचे पुस्तक लिहिले होते आणि त्यांनी घडवलेली माणसे मोठ्या पदांवर होती. बँकांचे अधिकृत इतिहास याला पर्याय नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या इतिहासाचे खंड आहेत, स्टेट बँकेचा इतिहास अमियकुमार बागची यांच्यासारख्या इतिहासकाराने लिहिला आहे. पण अशा ग्रंथांत धोरणे, गव्हर्नर आणि ताळेबंद असतात. तालुक्याच्या शाखेत बसून सरपंचाच्या पुतण्याचे प्रकरण नाकारणारा मॅनेजर त्यांत येत नाही, येणे शक्यही नाही. त्याच्या नकाराचा पट लहान होता, पण त्याची किंमत त्याला त्याच्या पगाराच्या मानाने कमी पडली असे म्हणता येणार नाही. पुढच्या महिन्यात बदलीची ऑर्डर, तीही गडचिरोलीकडे किंवा परराज्यात, ही शिक्षा बँकेतल्या कोणालाही समजावून सांगावी लागत नसे. त्याला त्याचा वाघुल मिळालेला नाही.

यावर पहिली हरकत उघड आहे, आणि ती हलकी नाही. बँकवाल्यांनी असे काय केले? चांगला पगार, स्वस्त व्याजाचे घरकर्ज, पक्की युनियन, एलएफसीवर (प्रवासभाड्याच्या सवलतीवर) सहली. काउंटरवर ताटकळणारा म्हातारा, 'साहेब जेवायला गेलेत' हे उत्तर, अंगठा उठवणाऱ्याला मिळणारी वागणूक, हेही त्याच काळाचे चित्र आहे, आणि ज्यांनी ते भोगले त्यांना 'त्यागी बँक अधिकारी' ही कल्पना चेष्टेची वाटेल. शिवाय ऐंशीच्या दशकातले कर्जमेळावे, जिथे मंत्री जनार्दन पुजारी यांच्या उपस्थितीत व्यासपीठावरून कर्जे वाटली गेली, आणि १९९० ची दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जमाफी, या दोन्हींनी वसुलीची सवय मोडली. कागदावर म्हशी चरत राहिल्या त्यातही बँकेतलीच माणसे सामील होती. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात मोठ्या पदांवरचे अधिकारी गुंतले होते. हे सगळे खरे आहे, आणि मी ते बाजूला ठेवायला सांगत नाही. उलट माझा मुद्दा त्याने बळकट होतो. 'मनमिळाऊ आणि कुटुंबवत्सल' ही विशेषणे भल्या अधिकाऱ्याला लागतात तशीच भ्रष्ट अधिकाऱ्यालाही लागतात. दोघांच्या निधनवार्ता शब्दशः सारख्या असतात. कोणत्या शाखेत त्याने काय मंजूर केले, काय नाकारले, कशाकडे डोळेझाक केली, हे विचारले तरच दोघे वेगळे दिसतील. आठवण ठेवणे म्हणजे आरती ओवाळणे नव्हे. चुकलेले कर्जही आठवणीत असावे. पाऊस न आल्याने बुडालेले आणि हात ओले करून दिलेले, या दोन बुडीत कर्जांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि ताळेबंदात मात्र दोन्ही एकाच रकान्यात बसतात.

दुसरी हरकत अर्थशास्त्राच्या अंगाने येते: जे घडले ते धोरणाने घडले, व्यक्तीचे त्यात श्रेय काय? रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या एकास चार या नियमाचा आधार घेऊन दाखवले की ज्या राज्यांत बँक नसलेल्या भागांत शाखा वेगाने वाढल्या तिथे ग्रामीण दारिद्र्य घटले. या निष्कर्षावर इतर अर्थतज्ज्ञांनी शंकाही घेतल्या आहेत, आणि शाखा वाढवण्याची किंमत बँकांनी थकबाकीच्या रूपाने मोजली हे नाकारता येत नाही. पण वाद मान्य करूनही एक गोष्ट उरते. धोरण सगळीकडे एकच होते; शाखा एकसारख्या निघाल्या नाहीत. लीड बँकेच्या आढावा बैठकीला बसणाऱ्या कोणालाही माहीत असते की शेजारच्या दोन शाखांची जमीन तीच, पाऊस तोच, परिपत्रकही तेच, तरी एकीची वसुली बरी असते आणि दुसरीची नसते. त्या फरकात गावचे राजकारण असते, नशीबही असते, पण खुर्चीत कोण बसला आहे हेही असते. सरासरी काढताना हा फरक पुसावाच लागतो, ते अर्थशास्त्रज्ञाचे काम आहे. एका माणसाचे आयुष्य आठवताना तोच फरक महत्त्वाचा.

आता परिवाराच्या ओळीकडे वळू. बदली साधारण तीन वर्षांनी. मुले लहान असेपर्यंत बिऱ्हाड सोबत फिरे. मुले पाचवी-सातवीत गेली की बिऱ्हाड पुण्यात, नाशकात किंवा नागपुरात स्थिरावे आणि मॅनेजर एकटा गावी खोली करून राही. शनिवारी अर्ध्या दिवसाचे काम आटोपून एसटी धरायची, रविवारी रात्री किंवा सोमवारी पहाटे परत. तेही दर आठवड्याला नाही, कारण तिजोरीच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्याच्याकडे असे आणि ती रीतसर सोपवल्याशिवाय गाव सोडता येत नसे. वर्षअखेरीचा हिशेबही घराच्या पंचांगात घुसलेला होता. १९८७ पर्यंत बँकांचे वर्ष ३१ डिसेंबरला संपे, म्हणून त्या घरांना नाताळची सुट्टी आणि नववर्ष ठाऊकच नव्हते. पुढे वर्ष ३१ मार्चला संपू लागले आणि क्लोजिंग नेमके मुलांच्या परीक्षांवर आले. संगणकाआधीच्या काळात लेजरच्या बेरजेत सदतीस पैशांचा फरक निघाला तर तो सापडेपर्यंत रात्री अकरा-बारापर्यंत शाखा उघडी राही. सदतीस पैसे कुणी खिशातून टाकू शकत नाही. फरक शोधूनच काढावा लागतो, कारण तो एका मोठ्या चुकीचे शेपूटही असू शकतो. या सगळ्या काळात सासूसासऱ्यांचे दुखणे, नळाची गळती, दहावीचे वर्ष, मुलीच्या शाळेतली पालकसभा हे सांभाळणारी बाई बँकेच्या कोणत्याही कागदावर नव्हती. ग्रामीण बँकिंगचा विस्तार तिच्या बिनपगारी कामावर उभा होता असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

बँकांनी तिची किंमत काय केली याचा एक आकडा उपलब्ध आहे. राष्ट्रीयीकृत बँकांत १९९५ च्या नियमांनी निवृत्तिवेतन आले. निवृत्त कर्मचारी गेल्यावर पत्नीला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे दर पगारानुसार ३०, २० आणि १५ टक्के असे उतरते होते, म्हणजे पगार जितका मोठा तितका टक्का लहान, आणि वर ९,२८४ रुपयांची कमाल मर्यादा. वर्षानुवर्षे दोन घरे चालवणाऱ्या अधिकाऱ्याच्या विधवेचे मूळ निवृत्तिवेतन या मर्यादेतच अडकून राही. ही मर्यादा काढून सरसकट शेवटच्या पगाराच्या ३० टक्के देण्याची घोषणा झाली ती ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे त्या पिढीतले कितीतरी लोक गेल्यावर. निधनवार्तेत 'त्यांच्या पश्चात पत्नी' या दोन शब्दांमागे हा हिशेब आहे, आणि शोकसभेत तो कुणी मांडत नाही.

तिसरी हरकत घरातूनच येते, आणि तिच्याशी वाद घालताना थोडे जपून बोलायला हवे. मुलांना बँकेशी काय देणेघेणे? त्यांना वडील हवे आहेत; सायकल शिकवणारे, गणित सोडवून घेणारे, नातवाला खेळवणारे. दुःखाच्या वेळी शाखा आणि मंजुऱ्या कशाला काढायच्या? हे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण त्यात एक फसगत आहे. ज्या वडिलांची आठवण मुले काढतात ते बहुतेक वेळा निवृत्तीनंतरचे वडील असतात: सकाळी फिरायला जाणारे, बँकेच्या निवृत्तांच्या संघात हिशेब बघणारे, नातवंडांत रमलेले. मुले दहा-बारा वर्षांची असताना जो माणूस आठवड्यातून दीड दिवस घरी येई, त्याचे उरलेले साडेपाच दिवस त्यांच्या आठवणीत रिकामे आहेत. 'कुटुंबवत्सल' हा शब्द ती रिकामी जागा झाकतो. आपल्या वडिलांना आपल्यापेक्षा अनोळखी शेतकऱ्यांच्या विहिरी अधिक ठाऊक होत्या, या वस्तुस्थितीत रागही येऊ शकतो, अभिमानही वाटू शकतो. पण ती माहीत असली तरच यांतले काहीतरी खरेपणाने वाटेल. जाताजाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. बँकेतल्या स्त्री अधिकाऱ्यांबद्दल कुणी 'कुटुंबवत्सल' म्हणत नाही. त्यांच्या बाबतीत घर गृहीतच धरले जाते, आणि ग्रामीण बदली टाळण्यासाठी किती जणींनी बढती नाकारली हे त्यांच्या गौरवाच्या भाषणांत येत नाही. त्या पिढीच्या निधनवार्ता अजून यायच्या आहेत.

गुप्ततेचा नियम आड येतो का? ग्राहकाचे नाव, त्याची रक्कम, त्याची थकबाकी ही कायमची बंदच राहिली पाहिजे, चाळीस वर्षांनीही. पण माणसाच्या कामाचे वर्णन करायला त्यांतले काही लागत नाही. कोणत्या साली कोणती शाखा, त्या गावात तेव्हा वीज होती का, मुख्य पीक कोणते, शाखेत किती माणसे, कोणत्या प्रकारच्या कर्जावर त्याचा भरवसा बसला आणि कोणत्यावरून उडाला, दुष्काळाच्या वर्षी वसुलीचे काय केले, वरून आलेला कोणता दबाव त्याने मानला आणि कोणता नाही, २००० सालच्या स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेत देशभरातले सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले तेव्हा तो का राहिला किंवा का गेला. यात कोणाचेही गुपित फुटत नाही. बँकांच्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटना आहेत, त्यांची पत्रके निघतात. त्यांत महागाई भत्त्याची गणिते आणि दिवंगत सभासदांची नावे असतात. त्या नावांपुढे त्या सभासदाच्या शाखांची यादी छापायला फार जागा लागणार नाही, आणि ती यादी वाचून एखाद्या गावातला कुणीतरी, शोकसभेत न उठलेला, दोन ओळींचे पत्र लिहील अशी शक्यता निदान तयार होईल.

घरात तर हे काम आजच सुरू करता येते, कारण बदलीच्या ऑर्डरी बहुतेकांनी जपून ठेवलेल्या असतात. बँकवाला कागद सहसा फाडत नाही. त्या तारखेनुसार लावल्या की आयुष्याचा सांगाडा मिळतो. एका रकान्यात शाखा, दुसऱ्यात वर्षे, तिसऱ्यात त्या काळात घर कुठे होते आणि तिथे कोण कोण राहत होते. पहिले दोन रकाने ऑर्डरीवरून भरता येतात. तिसरा भरायला आईला विचारावे लागेल, आणि तीही आता पंच्याहत्तरीला आली आहे.